मुलाचं पान

सॉल्टपॉन्ड
सोमवार, ११ मे २००९

प्रिय कोबिना,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पुन्हा कागद काढला. हे पत्र बोल्गाटांगाच्या बसच्या ड्रायव्हरकडे देते आहे. तो म्हणतो, तुमचे भाऊ स्टँडवर येऊन पाकीट घेतात, मान हलवतात आणि जातात, तोंडातून शब्द काढत नाहीत. म्हटलं, यात नवीन काय सांगितलंस.

तर कामाचं बोलते. आईच्या दफनाला ३० ऑगस्टला वर्ष होतंय. त्या दिवशी रविवारच आहे. चर्चमध्ये प्रार्थना होईल, आणि एजिर मामांनी फर्मान काढलंय की फोटो आणि श्रद्धांजल्या छापलेली वर्षाची पुस्तिका झालीच पाहिजे. आता ती करणार कोण? या गावात कोणी मेलं की पुस्तिका माझ्याच दुकानात टाइप होते, तेव्हा घरच्यांची बाहेर कुठे द्यायची.

पण या वेळी मुलाचं पान कोरं जाता कामा नये. गेल्या वर्षी तुझी श्रद्धांजलीची फाइल शुक्रवारी सकाळी हातात पडली, आणि केप कोस्टचा छापखाना दुपारी बंद होणार. डिस्क कॉम्प्युटरमध्ये घातली तर तीन पानं नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. माझ्या मशीनवर टाइप करायला विकतचं ऑफिस सॉफ्टवेअर, तू वापरतोस ते फुकटचं, आणि या दोघांचं एकमेकांशी पटत नाही हे मला त्या दिवशी कळलं. तू तर बसमध्ये होतास. शेवटी वर 'मुलाचे मनोगत', खाली तुझा फोटो, आणि बाकी सगळं पांढरं, अशा चारशे प्रती वाटल्या गेल्या. लोक म्हणाले, एवढा शिकलेला मुलगा, आणि आईबद्दल त्याला एक ओळ सुचली नाही. मी दारोदार सांगत फिरले की दोष माझ्या मशीनचा आहे. सोमवारी कुळाच्या बैठकीत मामांनी सगळ्यांदेखत माझी खरडपट्टी काढली. तू रविवारीच निघून गेलास, त्यामुळे तुला त्यातलं काही ऐकावं लागलं नाही. त्याचं मला बरंच वाटतं, खोटं नाही सांगत.

ती फाइल अजून आहे माझ्याकडे. तीच माझ्या मशीनला कळेल अशी करून पाठव. नाहीतर मी कुठलं ऑफिस घालायचं ते सांग.

घरी अजून दोघींचं शिजवते आणि उरलेलं सकाळी खाते. इतके महिने झाले तरी हाताला अंदाज येत नाही. तू जेवतोस ना वेळेवर?

तुझी,
अराबा


बोल्गाटांगा
२४ मे २००९

प्रिय अराबाताईस,
नमस्कार.

पत्र मिळालं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर मुद्देसूद देतो.

कुठलं ऑफिस चांगलं, हा खरा प्रश्न नाही. आपली देवघेव ज्यांच्याशी आहे ते काय वापरतात, ते बघायचं. तुझा छापखाना, तुझी गिऱ्हाइकं, जिल्हा कचेरी, चर्च, सगळे विकतच्यावर आहेत. तू फुकटचं घातलंस तर तुझ्याकडे नीट दिसणारं पान त्यांच्याकडे गेल्यावर बिघडेल. अक्षरांचा आकार बदलेल, चौकटी सरकतील, फोटो जागेवर राहणार नाहीत. त्यामुळे माझा सल्ला असा की तू काहीही बदलू नकोस. आहे ते चालू दे.

माझी फाइल तुझ्या प्रकारात बदलून पाठवायची म्हणशील, तर ते माझ्या तत्त्वात बसत नाही. मी इथल्या कॉलेजात चाळीस शाळांच्या शिक्षकांना शिकवतो की लिखाण कोणा एका कंपनीच्या साच्यात अडकवू नये, पन्नास वर्षांनीसुद्धा ते उघडता आलं पाहिजे. मीच उद्या वेगळं वागलो तर त्यांनी काय समजायचं?

या वर्षी त्या पानावर एखादं स्तोत्र छापावं, असं सुचवतो. लोकांना स्तोत्र आवडतं.

इकडे सर्व ठीक.

तुझा,
कोबिना


सॉल्टपॉन्ड
२ जून २००९

प्रिय कोबिना,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एवढे मुद्दे, आणि त्यात 'आई' हा शब्द कुठेच नाही. मी बोट ठेवून शोधला.

आणि हे तत्त्वाचं काय काढलंस मध्येच? आई असतानाच्या शेवटच्या नाताळात फोनवर तासभर माझं डोकं खाल्लंस की विकतच्याला चिकटून राहणं हा शुद्ध वेडेपणा आहे, ताई तू आजच्या आज फुकटचं घाल. आता मी घालायला निघाले तर म्हणतोस, आहे ते चालू दे. तुझं तत्त्व बोल्गात एक आणि सॉल्टपॉन्डला दुसरं असतं का रे?

स्तोत्र छाप म्हणे. स्तोत्रं शेवटच्या पानावर असतातच. मुलाच्या पानावर स्तोत्र छापलं तर लोक काय समजतील, तूच सांग. गेल्या वर्षी निदान मशीनवर ढकलता आलं.

मला तुझ्यासारखं मुद्देसूद लिहिता येत नाही, पण माझा हिशोब साधा आहे. या अख्ख्या किनाऱ्यावर सगळ्यांच्या फाइली माझ्याकडे उघडतात. उघडत नाही ती एकट्या माझ्या भावाची. मग मला बाकीच्यांशी काय करायचंय? इथल्या मुलग्यांच्या शाळेतले क्वान्साह मास्तर फुकटचंच वापरतात. त्यांनी सीडी देतो म्हटलंय, शनिवारी येऊन घालूनही देतील. बदल्यात त्यांना त्यांच्या मुलीच्या लग्नाच्या पत्रिका करून हव्यात.

आईची खोली मी अजून झाडून घेते. तिची भट्टी शेजारच्यांनी मागितली, नाही दिली. पाव कोणी भाजत नाही आता, नुसती उभी आहे अंगणात.

तुझी,
अराबा


बोल्गाटांगा
२० जून २००९

प्रिय अराबाताईस,
नमस्कार.

कृपा करून घाई करू नकोस. तुझं मशीन जुनं आहे, नवीन ऑफिसचा भार त्याला पेलेल असं नाही. दोन्ही एकाच मशीनवर ठेवलीस तर कुठली फाइल कशात उघडायची याचा घोळ होईल. छापखान्याची अडचण मी कळवली आहेच. आणि ती फाइल आता बहुधा खराबही झाली असेल. बसच्या इंजिनाशेजारी डिस्क सोळा तास तापते, मग तिचा भरवसा नसतो. उगाच खटाटोप करून हाती काही लागणार नाही, आणि तुला त्रास होईल म्हणून लिहितो.

तू जेवणाचं विचारलं होतंस. कॉलेजच्या फाटकाबाहेर एक बाई भात आणि वाल विकते, तिच्याकडे जेवतो. मी दिसलो की ती ताट भरायला घेते, काय हवं ते विचारत नाही. कधी कधी अख्खा दिवस एक शब्द न बोलता जातो. वर्गात शिकवताना बोलतो तेवढंच. मला त्याची सवय आहे, काळजी करू नये.

क्वान्साह मास्तरांना नको म्हणून सांग.

तुझा,
कोबिना


सॉल्टपॉन्ड
६ जुलै २००९

प्रिय कोबिना,

तुझं पत्र येण्याआधीच मास्तर येऊन गेले. फुकटचं ऑफिस घालून झालं. मशीन कण्हत-कुथत चालतंय, पण चालतंय.

तू म्हणाला होतास तसंच झालं, तेवढं मात्र कबूल करते. म्हातारे बेन्टसिल वारले, त्यांची पुस्तिका मी हौसेने नव्यात केली. माझ्याकडे सुरेख दिसत होती. छापखान्यात त्यांनी विकतच्यात उघडली आणि फोटो सरकले. विधवेचा फोटो गेला पहिल्या पानावर, 'प्रभूच्या घरी शांत निजले' याच्या खाली. बाई पुढच्या बाकावर बसलेली, धडधाकट, काळं नेसून, आणि हातात स्वतःच्याच मरणाची पुस्तिका. तिच्या भावांनी दुकानावर मोर्चा आणला. माफीसाठी मला श्नॅप्स दारूच्या दोन बाटल्या घेऊन मामांना पुढे करून त्यांच्या अंगणात उभं राहावं लागलं. तासभर ऐकून घेतलं. मग त्यांनी बाटली उघडली, थोडी जमिनीवर ओतून पितरांना सांगितलं की ही बाई चुकली पण मनाने वाईट नाही. त्या विधवेनेच मला बसायला स्टूल दिलं. म्हणाली, माझा फोटो तरी बरा आला होता.

आता तुझ्या फाइलचं. ती नाही उघडली. तू म्हणालास तशी खराबच झाली असणार. नव्या ऑफिसमध्येही तेच चौकोन दिसतात. तेव्हा तू त्याचा विचार करू नकोस. पानाचं मी बघते काहीतरी.

पाऊस फार आहे. तब्येत सांभाळ.

तुझी,
अराबा


बोल्गाटांगा
१९ जुलै २००९

ताई,

आज मुद्दे नाहीत.

ज्या ऑफिसमध्ये मी ती फाइल केली, तेच तू घातलंस. त्यात ती फाइल चौकोन दाखवूच शकत नाही. एक तर नीट उघडेल, नाहीतर उघडणार नाही म्हणून स्वच्छ सांगेल. हे मी रोज शिकवतो. म्हणजे ती उघडली. आणि त्यात काय आहे ते तू पाहिलंस. वर 'माझी आई' एवढे दोन शब्द, आणि खाली काही नाही.

पाहूनही तू उघडली नाही म्हणून लिहिलंस. तुझं ते वाक्य मी स्टँडवरच वाचलं आणि तिथेच बाकावर बसलो. ड्रायव्हरने विचारलं, घरी कोणी गेलं का?

आता खरं सांगतो. गेल्या ऑगस्टमध्ये मी नऊ दिवस रोज त्या फाइलसमोर बसलो. एक ओळ लिहायचो आणि पुसायचो. अकराव्या वर्षी मला वसतिगृहात घातलं, मग ट्रेनिंग, मग ही नोकरी. आज सेहेचाळीस वर्षांचा आहे. आईला स्तोत्र कुठलं आवडायचं, फूल कुठलं, ती कशाला घाबरायची, झोपताना काय म्हणायची, मला यातलं काही माहीत नाही. मी वर्षातून एकदा यायचो, तीही मला पाहुण्यासारखी खुर्ची द्यायची. तिच्याबद्दल लिहायला माझ्याकडे काहीच नव्हतं, ताई. आणि ते कबूल करायची लाज वाटली. मग मला सुचलं की ही फाइल तुझ्याकडे उघडणारच नाही. आत दोनच शब्द असले तरी फक्त चौकोन दिसतील, तीन-चार पानं भरून, आणि लोकांना वाटेल यात बरंच काही होतं. म्हणून मी ती मुद्दाम त्या प्रकारात ठेवली आणि मुद्दाम उशिरा पाठवली.

समोरच्याला उघडेल अशीच फाइल पाठवावी, हा माझ्या वर्गातला पहिला धडा आहे.

मामांनी तुला बैठकीत बोल लावला, हे मला तुझ्या मे महिन्याच्या पत्रातून कळलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. माफी मागायला माझ्याकडे बाटली नाही आणि मला पुढे करून नेणारं इथे कोणी नाही.

कोबिना


सॉल्टपॉन्ड
२८ जुलै २००९

प्रिय कोबिना,

तुझं पत्र वाचून मला राग आला. खूप आला. दिवसाढवळ्या दुकानाचं दार ओढून घेतलं आणि आत बसून राहिले. वर्षभर मी स्वतःला खात होते की माझ्या मशीनने माझ्या भावाचे शब्द गिळले. रात्र-रात्र त्यात काय असेल याचा विचार करत होते. मी मनातल्या मनात तुझ्या वतीने किती सुंदर लिहिलं होतं, तुला कल्पना नाही. फाइल उघडली आणि ते दोन शब्द दिसले, तेव्हा आधी मला वाटलं, पान खाली सरकवायचं राहिलं. सरकवत राहिले. मग कळलं.

दार ओढून बसले, आणि राग जरा उतरल्यावर गेल्या वर्षीची पुस्तिका काढली. तुझं पान सहावं. पाचवं माझं, 'मुलीचे मनोगत', गच्च भरलेलं. ते परत वाचलं. आता माझं ऐक.

ते मी लिहिलेलं नाही. दुकानात माझ्याकडे श्रद्धांजल्या तयार असतात. आईसाठी एक, वडिलांसाठी एक, नवऱ्यासाठी दोन. गिऱ्हाईक येतं, रडत असतं, त्याला काही सुचत नसतं, मग मी तयार फाइल काढते, नाव आणि गाव बदलते आणि छापते. सगळा किनारा असंच करतो, कोणी कोणाला विचारत नाही. आईची जी आहे ती मूळची इथल्या आर्थर बाईंनी त्यांच्या आईसाठी लिहिलेली. बाईंना लिहिता छान येतं. 'तू आमच्या घराचा खांब होतीस' वगैरे. आपल्या आईच्या वेळी मी मशीनसमोर बसले, आणि बावन्न वर्षं जिच्याबरोबर एका छताखाली काढली तिच्याबद्दल मला एक ओळ येईना. मग तीच फाइल काढली आणि नाव बदललं.

तेही धड जमलं नाही. तिसऱ्या परिच्छेदात आहे, 'सात लेकरांना जन्म देऊन तू त्यांना देवाच्या वाटेवर चालवलंस.' आर्थर बाई धरून ती सात भावंडं. ते बदलायचं माझ्याकडून राहून गेलं. आणि चर्चमध्ये उभी राहून मी ते मोठ्याने वाचलं. 'सात' म्हणाले तेव्हा माझ्याच लक्षात आलं, वर बघितलं. कोणाची मान हलली नाही. आईला ओळखणारी चारशे माणसं बसलेली, मामा पहिल्या रांगेत, आणि दोनाची सात झाली तरी कोणाला पत्ता नाही. कोणी ऐकतच नव्हतं. मी पुढचं वाचत गेले. तेव्हा जितकं एकटं वाटलं तितकं दफनाच्या वेळीही नाही वाटलं. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

तेव्हा तुझं कोरं पान आणि माझं भरलेलं, यात खोटं कुठलं ते मला विचारू नकोस.

छापखान्याला २० ऑगस्टपर्यंत पानं हवीत. पाचवंही रिकामं आहे आणि सहावंही. मशीनवर आता दोन्ही ऑफिसं आहेत, तू कुठल्याही प्रकारात पाठव, उघडेल. पण काय लिहायचं ते मला खरंच सुचत नाही.

अराबा


बोल्गाटांगा
६ ऑगस्ट २००९

ताई,

कोणी ऐकत नव्हतं असं नाही. मी ऐकत होतो.

मी पुरुषांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर होतो. तू 'सात' म्हणालीस ते मी स्पष्ट ऐकलं, आणि मान वर केली नाही, कारण मला ते खरं वाटलं. माझ्या मनात आलं की ताई तिच्याजवळ राहिली, ताईला सगळं माहीत असणार. तुझ्यामाझ्यात सहा वर्षांचं अंतर आहे, त्यात दोघं-तिघं सहज होऊन गेली असतील. माझ्यानंतर आणखी कोणी. लहानपणीच गेली असतील, आईने तुला सांगितलं असेल आणि मला सांगायचं राहिलं असेल. पाच भावंडं, आणि मला त्यांची नावंही ठाऊक नाहीत. मी कसला मुलगा, मी कुठल्या तोंडाने सोमवारच्या बैठकीला बसू, असं वाटलं. म्हणून रविवारीच बस पकडली. कोऱ्या पानाची लाज होतीच, पण निघालो ते यामुळे. तुझा फोन आला की वाटायचं, उचलला तर विचारावं लागेल. म्हणून उचलला नाही.

वर्षभर मी त्या पाचांचा विचार करत होतो. जेवताना, पेपर तपासताना, सुटीच्या दिवशी खोलीत. दोघी बहिणी असतील आणि तिघे भाऊ, असं धरून चाललो होतो. एकाला माझ्यासारखंच थोडं तिरकं चालायची सवय असेल. सगळ्यात धाकटीचा चेहरा तुझ्यासारखा. हसू नकोस. इथे माझ्याशी बोलणारं कोणी नसतं, आणि तेवढी सोबत व्हायची.

तुझं पत्र काल आलं. ती पाच कधी नव्हतीच हे वाचलं आणि मला रडू आलं. त्या भात विकणाऱ्या बाईसमोर. तिने पहिल्यांदाच मला विचारलं, काय झालं. मी सांगितलं, भावंडं गेली. तिने ताट बाजूला ठेवलं आणि माझ्याजवळ बसली.

म्हणजे आपण दोघंच आहोत, ताई. हे माझ्या लक्षातच नव्हतं. मला वाटत होतं, आपण बरेच जण आहोत.

पुढच्या शुक्रवारच्या बसने निघतो.

कोबिना